जानरावांचा रजिस्टर राजीनामा

देऊळघाटचे जानराव रुसले की गावाला ते आधी त्यांच्या उपरण्यावरून कळायचं. एरवी उपरणं खांद्यावर असायचं. रुसले की ते डोक्याला गुंडाळून, गच्च गाठ मारून, मारुतीच्या पारासमोरून मुद्दाम दोनदा जायचे, एकदा जाताना आणि एकदा येताना. पाराकडे मात्र बघायचं नाही, हा त्यांचा नेम. मग पारावरचं कोणी म्हणायचं, "सोडलं वाटते जानरावनं आज." आणि दुसरं कोणी तंबाखू मळत म्हणायचं, "पंगत कधी हाय, शनवारी ना? मंग शुक्करवारपर्यंत येतेच लायनीवर."

सोडलं म्हणजे काय सोडलं, तर रोडगे भाजणं. आता रोडगा म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायची सोय नाही, तो अंगावर येतो. पण परमुलखातल्या माणसासाठी सांगायचं तर जाडसर कणकेच्या लहान पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, सगळ्या मिळून एका मोठ्या पारीत बांधून मुठीएवढा गोळा करायचा, आणि तो गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा. वर राख, खाली निखाऱ्यांचा आर. भाजून निघाला की गोणपाटात घोळायचा, राख झाडायची, मुठीनं फोडायचा आणि तूप सोडून वांग्याच्या भाजीशी खायचा. कोणाचा नवस फिटला, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, की मारुतीसमोर रोडग्यांची पंगत ठरलेली. आणि पंगत म्हटली की विस्तवापाशी जानराव ठरलेले. तीस वर्षं. तेवढ्या काळात जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, मुंबई राज्यातून नव्या महाराष्ट्रात आला, साहेबांच्या कचेरीवरच्या पाट्या तीनदा रंगवल्या गेल्या, पण विस्तवापाशी जानराव ते जानरावच.

त्यांच्याबरोबरची माणसं म्हणाल तर मोजकीच. कणीक तिंबायला आणि हाताखाली त्यांचा चुलतपुतण्या शेषराव, चाळिशीला टेकलेला, पण काकासमोर अजून मान खाली घालून उभा राहणारा. वांग्याच्या भाजीला गोजरबाई, जिचं तोंडही भाजीइतकंच तिखट. मोठमोठे गंज आणि पराती कल्हई करून आणायला, आणि गोवऱ्यांची बंडी हाकायला वाहेद कल्हईवाला. वाहेद आणि जानराव एकाच वर्षी जन्मलेले, एकाच नदीत बुडता बुडता वाचलेले. बाकी येतील ते हात. या सगळ्यांना मिळून काही नाव नव्हतं. वही नव्हती, वर्गणी नव्हती, शिक्का नव्हता. पंगत ठरली की माणसं आपोआप जमायची आणि भांडी घासून झाली की आपोआप पांगायची.

आणि यातून जानराव दर साल-दोन साली निघून जायचे. एकदा कोणी गोवऱ्या पेटाव्यात म्हणून त्यावर घासलेट ओतलं, तेव्हा सोडलं. एकदा गोजरबाईनं भाजीत गूळ टाकला, तेव्हा सोडलं. एकदा शाळेवर नव्यानं आलेले मास्तर रोडगा खाऊन म्हणाले, "वा! अगदी बाटीसारखं लागतं," तेव्हा तर आठ दिवस उपरणं डोक्यावरून उतरलं नव्हतं. प्रत्येक वेळी शेषराव जायचा, वाहेद जायचा, ओसरीवर बसायचे. रुखमाबाई, म्हणजे जानरावांच्या घरच्या, न विचारता चहा टाकायच्या, कारण किती वेळ लागणार हे त्यांना ठाऊक असायचं. दुसऱ्या कपाला जानराव म्हणायचे, "येतो. पण हे शेवटचं." झालं.

यंदा पौषात मात्र वेगळंच झालं. आणि त्याचं कारण होत्या वाहेदच्या बकऱ्या.

पंगत होऊन दुसरा दिवस. जानराव आपला एक गंज आणायला वाहेदच्या अंगणात शिरले. वाहेद घरी नव्हता. बकऱ्या टोपल्यात तोंड खुपसून काहीतरी मन लावून खात होत्या. वाहेदची बायको सुगराबी लगबगीनं बाहेर आली, "या ना भाऊ, बसा," म्हणाली आणि म्हणता म्हणता टोपल्यावर गोणपाट टाकायला गेली. पण एका बकरीनं तोंड वर काढलं आणि तिच्या तोंडात होता रोडगा. अर्धा. वरचं खरपूस कवच कोणीतरी खाल्लेलं, आतला गाभा पांढराफटक, कच्च्या कणकेसारखा चिकट. जानरावांनी तो बकरीच्या तोंडातून चक्क ओढून घेतला आणि उजव्या डोळ्याजवळ नेला. पाच चुण्या घालून मधे अंगठा दाबलेला. कोणाच्या हातचा, हे विचारायची गरज नव्हती. गावात अशी चुणी एकच माणूस घालतो, जानराव स्वतः.

टोपल्यात तसले वीस-पंचवीस तरी असतील.

"बकऱ्या चांगल्या पोसल्या वहिनी," एवढंच जानराव म्हणाले, आणि गंज न घेताच घरी आले.

आता खरी गोष्ट सांगायची तर जानरावांना ती आतून माहीत होती. डाव्या डोळ्यात दोन-अडीच वर्षांपासून ताक सांडल्यागत झालं होतं आणि उजवाही त्याच्याच वाटेनं निघाला होता. रोडग्याचं सगळं कसब डोळ्यात. गोवरीवर राखेची पातळ साय चढते, तिच्या आड लाली दिसत असते, त्या घडीला रोडगा आत लोटायचा. थोडं आधी लोटला तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, थोडं उशिरा लोटला तर नुसता वाळतो. जानरावांना आता साय दिसत नव्हती, लाली दिसत नव्हती. सगळंच पांढरं दिसत होतं. ते अंदाजानं लोटत होते आणि "धूर लय झाला बे आज," म्हणून डोळे पुसत होते. भाजणारा सगळ्यांच्या शेवटी जेवतो, ही रीत. शेवटी शेषराव त्यांच्यासमोर एक रोडगा आणून ठेवायचा. तो कायम झकास भाजलेला असायचा. आज कळलं, की शेषराव तो ढिगातून शोधून आणत होता.

राग आला असता तर बरं झालं असतं. रागाचं काय करायचं ते जानरावांना येत होतं, उपरणं खुंटीलाच होतं. पण हा राग नव्हता. सारं गाव आपल्यासमोर बसून कच्ची कणीक गिळत होतं आणि "वा जानरावभाऊ!" म्हणत होतं, ही गोष्ट त्यांना गिळवेना. आपली कीव करतात लोक, एवढंच त्यांच्या मनानं धरलं. उद्या विस्तवापासून हाताला धरून उठवतील, पाठीवरून हात फिरवतील, "आता बसा काका, लय केलं," म्हणतील. ते ऐकण्यापेक्षा आपणच उठलेलं बरं. आणि का उठलो ते कोणाला सांगायचं नाही.

"म्या सोडलं," रात्रीच्या भाकरीला त्यांनी जाहीर केलं.

"बरं," रुखमाबाई म्हणाल्या. "चैताच्या पुनवेले पंगत हाय. तवर धरा परत."

तोंडी सोडलेलं कोणी धरत नाही, हे त्यांना तिथंच कळलं. या वेळी कागद पाहिजे.

म्हणून एका सोमवारी जानराव सकाळच्या एस्टीनं बुलढाण्याला गेले. कचेरीच्या आवारात लिंबाखाली नारायणराव अर्जनवीस बसायचे. नाकावर चष्मा, चष्म्याला दोरा, समोर पेटी. जिल्ह्यातली निम्मी भांडणं त्यांच्या अक्षरात होती.

"काय लिहायचं?" नारायणरावांनी टाक बुडवला.

"सोडचिठ्ठी."

नारायणरावांनी चष्म्यावरून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या वयात? बाई राजी आहे का?"

"बायकोची नाही हो! गावातल्या माणसाइची. रोडगे भाजतो ना आमी, त्याइची."

"मग सोडचिठ्ठी म्हणू नका. आणि काडीमोडही म्हणू नका, ती पंचांपुढं होते."

"मंग फारकत लिवा."

"फारकत भावाभावांत, वाटे पडल्यावर. तुमचे वाटे पडले?"

"रोडग्याचे कायचे वाटे पडतेत?" जानराव जरा विचारात पडले. "बहिष्कार टाकला तर?"

"तो गावानं तुमच्यावर टाकायचा. तुम्ही एकट्यानं गावावर टाकला तर गावाला पत्तासुद्धा लागत नाही." नारायणरावांना आता रंग चढला होता. असलं गिऱ्हाईक रोज येत नाही. "संबंधविच्छेद करता? वर्तमानपत्रात छापून येतो. अमुक माणसांशी आमचा कसलाही संबंध उरलेला नाही, सर्वांस कळावे."

"नाही नाही," जानराव घाईनं म्हणाले. "संबंध राहू द्या. शेषराव माहा पुतण्या लागते. वाहेद तं... राहू द्या संबंध."

"मग त्यागपत्र घ्या. पुढारी देतात."

"ते मांगून परत घेतेत म्हने."

"घेतात. हार घालून घेतात."

"नको. मले एकदाच द्याचं हाय."

"मग राजीनामा," नारायणराव म्हणाले आणि कागद पुढं ओढला. "पक्का माल. एकदा मंजूर झाला की ब्रह्मदेव आला तरी माणूस आत येत नाही. कारण काय लिहू?"

लिंबाचं एक पान पेटीवर पडलं, ते जानरावांनी उचलून बाजूला ठेवलं. "कारन लिवाच लागते?"

नारायणराव पुष्कळ दुनिया पाहिलेले. त्यांनी पुढं विचारलं नाही. "नाही लिहिलं तर लोक विचारत बसतात, लिहिलं तर लोक बोलत बसतात. म्हणून आम्ही लिहितो, वैयक्तिक कारणास्तव. मोठमोठे साहेब या एका शब्दाच्या आड बसून घरी गेलेत."

हा शब्द जानरावांना बेहद्द आवडला. त्यांनी तो दोनदा म्हणवून घेतला.

"कोणाच्या नावे?"

"अध्यक्षाच्या. रोडगे मंडळ, देऊळघाट."

"अध्यक्षाचं नाव?"

"नाव राहू द्या," जानराव तोऱ्यात म्हणाले. अध्यक्ष असतोच, एवढं त्यांना माहीत होतं. सोसायटीला असतो, पंचायतीला सरपंच असतो, तसा रोडग्यांनाही असेल. तो कोण, याचा त्यांनी तीस वर्षांत कधी विचार केला नव्हता. आणि हातात दिलं तर शेषराव फाडून टाकील, म्हणून नारायणरावांच्याच सल्ल्यानं त्यांनी पोस्टात जाऊन ते रजिस्टर केलं. परतीच्या एस्टीत ते खिडकीशी बसून घाट उतरेपर्यंत "वैयक्तिक कारणास्तव, वैयक्तिक कारणास्तव" असं पुटपुटत होते. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारा जप करतो आहे. तिनं त्यांना आणखी जागा करून दिली.

चौथ्या दिवशी माणिकराव पोस्टमन सायकल दामटत देऊळघाटात आले. हातात रजिस्टर पत्र. ते आधी पंचायतीत गेले. सरपंच म्हणाले, असलं मंडळ आमच्या दप्तरी नाही. मग सोसायटीत गेले. तिथले चिटणीस म्हणाले, आमच्याकडं खत मिळेल, रोडगे नाहीत. शेवटी माणिकराव पारापाशी आले, एक पाय टेकवला आणि ओरडून विचारलं, "रोडग्याचा अध्यक्ष कोन हाय हो?"

"जानराव!" सगळा पार एका तोंडानं म्हणाला.

गोजरबाई तिथं वांगी निवडत होत्या. त्यांनी घराचा पत्ताही दिला. "तो पाय, निंबापाशी. अन् उपरनं डोक्याले बांधलं असन तं जरा लांबूनच बोलजा."

उपरणं डोक्याला बांधलेलंच होतं. जानरावांनी पाकीट उजव्या डोळ्याशी नेलं आणि तसंच लांब धरलं. नारायणरावांचं अक्षर.

"करा सही," माणिकराव म्हणाले.

"हे माहं नाही."

"अध्यक्ष तुमीच ना?"

"मी कायचा अध्यक्ष? मी नाही घेत."

"बरं," माणिकराव शांतपणे म्हणाले, "मंग घेण्यास नकार असा शेरा मारतो. पत्र पाठवनाऱ्याकडं परत जाईन." आणि शेरा मारायला त्यांनी पाकीट उलटवलं. मागची बाजू वाचली. पुन्हा वाचली. मग जानरावांकडे पाहिलं. "पाठवनार, जानराव वल्द पुंजाजी, देऊळघाट. म्हंजे उद्या मले सायकल हानत परत अथीच याचं हाय?"

दारात रुखमाबाई सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं सूप थांबलं. "आवो, तुमीच धाडलं? तुमच्याच नावानं? त्या दिवशी यष्टीनं गेलते ते याच्यासाठी?"

जानरावांना नारायणरावांचा शब्द आठवला. "वैयक्तिक कारनास्तव," ते म्हणाले.

"पायजा," माणिकरावांनी घाम पुसला. "सात दिवस हे पत्र मी पोस्टात ठेवू शकतो. तवर कोनालेही अध्यक्ष करून ठेवा. पन सही घेतल्याबिगर मी हे सोडत नाही, अन् दोनदा आनतही नाही."

अशा रीतीनं देऊळघाटचं रोडगे मंडळ स्थापन झालं. तीस वर्षं जे कोणाला सुचलं नव्हतं ते एका माणसाला बाहेर पडता यावं म्हणून करावं लागलं. पुढच्या गुरुवारी दुपारी सगळे पारावर जमले. माणिकराव घड्याळ काढून बसले. अध्यक्ष निवडायचा म्हटल्यावर पहिलं नाव आलं, जानराव. दुसरं आलं, तेही जानराव. तिसऱ्यानं हात वर केला, तो नुसता अनुमोदनाला.

"अबे, मी सोडून राह्यलो, अन् तुमी मले अध्यक्ष करून राह्यले!" जानराव ओरडले.

"मंग राहा ना," गोजरबाई म्हणाल्या. "सोडाले कोन सांगते?"

शेवटी वाहेदनं शेषरावाचं नाव सुचवलं. शेषराव उठून उभा राहिला, "काका असताना मी कसा होऊ?" म्हणाला आणि लाजून खाली बसला. बसला तो अध्यक्ष होऊनच बसला. माणिकरावांनी तिथल्या तिथं सही घेतली, सुटकेचा श्वास सोडला, आणि आता पुढं काय होतं ते बघायला थांबले. शेषरावानं पाकीट फोडलं. शाळेत वाचायचा तसा मोठ्यानं वाचू लागला.

"माननीय अध्यक्ष साहेब यांचे सेवेशी. अर्जदार जानराव वल्द पुंजाजी विनंतीपूर्वक कळवितो की, मी वैयक्तिक कारणास्तव मंडळाच्या कामाचा..." इथं त्याचा आवाज चिरकला. "...राजीनामा देत आहे. तरी तो मंजूर व्हावा."

गोजरबाईंनी तोंड उघडलं. "वैयक्तिक म्हंजे काय रे?"

"म्हंजे," माणिकराव म्हणाले, "सांगाचं नाही ते."

"सांगाचं नाही तं चिठ्ठीत लिवलं काऊन?"

जानराव उठले. हा शब्द भिंतीसारखा आपल्यासमोर उभा राहील असं त्यांना वाटलं होतं, आणि गोजरबाईनं तो फुंकरीनं उडवला. समोर शेषराव कागद धरून रडवेला झालेला. "काका, माहं काही चुकलं का?" तो म्हणाला. "कनीक पातळ होते का माह्याकडून?"

याच्यावर मात्र जानरावांचा धीर सुटला. चूक आपली आणि हा पोरगा ती आपल्या कणकेवर घ्यायला निघालेला.

"तुही कनीक चांगली हाय बे," ते म्हणाले. "मले दिसत नाही. डोये गेले माहे. साय दिसत नाही, लाली दिसत नाही, काहीच दिसत नाही. वाहेदच्या बकऱ्या माहे रोडगे खाऊन राह्यल्या, ते म्या पाह्यलं. तेवढं दिसलं मले."

वाहेदनं खाली पाहिलं. शेषरावानं कागदाची घडी केली, उलगडली, परत केली.

"कधीपासून?" जानरावांनी विचारलं.

"दोन साल झाले असतीन," वाहेद हळूच म्हणाला.

"दोन कुठचे?" गोजरबाई म्हणाल्या. "यंदाचा तिसरा पौष."

"तीन साल कच्ची कनीक खाल्ली? अन् कोनी बोललं नाही? माह्यावर दया करून राह्यले होते का तुमी?"

"दया?" वाहेद आता चिडला. "तुह्यावर दया कोन करीन बे, तू बाटीसाठी आठ रोज रुसनारा मानूस! बोलाचं ठरवलं होतं. दर खेपेस ठरवत होतो. पन तू पहिला रोडगा फोडून हातावर ठेवतो, अन् तोंडाकडं पाहत उभा राहतो. मंग नाही बोलवत. इमानदारीनं सांगतो, नाही बोलवत."

जानरावांना हे समजलं नाही. खरं म्हणजे पटलं नाही. एवढी माणसं, आणि एकाला तोंड उघडता येऊ नये? आपण असतो तर पहिल्या घासाला सांगितलं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. "ते काही नाही," ते म्हणाले. "मंजूर करा. हात वर करा."

शेषरावानं सगळ्यांकडे पाहिलं. आधी एकही हात वर होईना. मग एक झाला. रुखमाबाईंचा.

"पाहता काय?" त्या म्हणाल्या. "तीन साल पदरात गोळे बांधून वाहेदभाऊच्या घरी पोचवून राह्यली मी. आता मलेही सुटी द्या."

मग वाहेदचा हात वर झाला, गोजरबाईंचा झाला, आणि एकेक करत सगळ्यांचे झाले. शेषरावाचा शेवटी झाला आणि खांद्याच्या वर काही गेला नाही. राजीनामा मंजूर. जानरावांना जे पाहिजे होतं ते अगदी कायदेशीर मिळालं, आणि त्या सगळ्या वर झालेल्या हातांकडे बघताना त्यांना फार वाईट वाटलं. एक तरी हात खाली राहायला पाहिजे होता, असं वाटलं. वाहेद जाताना एवढंच म्हणाला, "डोया दाखवाले जाऊ बुलढान्याले. रजिस्टरी नाही कराची, नुसतं याचं."

चैत्री पुनवेला पंगत होती. जानराव यायला तयार नव्हते, पण वाहेद ओसरीवर येऊन बसला आणि रुखमाबाईंनी चहा टाकलाच नाही, म्हणून उठावं लागलं. उपरणं त्यांनी डोक्याला बांधावं की खांद्यावर टाकावं याचा बराच वेळ विचार केला आणि खांद्यावर टाकलं. भाजणारा माणूस शेवटी जेवतो, पण जानराव आता भाजणारे उरले नव्हते. म्हणून त्यांना पहिल्या पंगतीत, पहिल्या पानावर बसवलं. तीस वर्षांत ते या जागी कधी बसले नव्हते. इथून विस्तव लांब होता, पण त्यांची मान सारखी तिकडं वळत होती, आणि वाहेद शेजारून ती कोपरानं सरळ करत होता.

रोडगे आले. तुपाचं भांडं घेऊन शेषराव स्वतः आला. भुवयांत राख, कपाळावर घाम, उजव्या हाताची दोन बोटं भाजून लाल झालेली. त्यानं पहिला रोडगा काकांच्या पानात ठेवला आणि तिथंच उभा राहिला.

जानरावांनी रोडग्यावर मूठ मारली. कवच खणखणीत फुटलं, वास सुरेख आला. त्यांनी एक तुकडा उजव्या डोळ्याजवळ नेला. आत पांढरा. बोट लावलं, बोटाला चिकटला. पोरानं घाई केली होती. लाली पुरती झाकायच्या आत सगळे आत लोटले होते.

"काका," शेषराव म्हणाला, "कसा झाला?"

पंगत थांबली. शंभरेक माणसांचे हात पानावर थांबले. गोजरबाईंचा पळा भाजीत थांबला. जानरावांच्या जिभेवर वाक्य तयार होतं, तीस वर्षांचं घासलेलं, धारदार. त्यांनी मान वर केली. डोळ्यांना सगळं धूसर दिसत होतं, पण एवढ्या जवळचा तो चेहरा दिसला. राखेनं माखलेला, श्वास धरून उभा असलेला, त्यांच्याच तोंडाकडे बघणारा.

जानरावांनी तो घास तोंडात घातला. चावला. गिळायला जरा वेळ लागला.

"झकास," ते म्हणाले.

"खरंच?"

"मंग मी खोटं बोलतो काय? अजून एक आन."

शेषरावाचा चेहरा उजळला. तो पळतच विस्तवाकडे गेला. पंगत पुन्हा सुरू झाली, आणि सगळी पंगत खाली मान घालून, मुकाट्यानं, फक्त कवच तेवढं खाऊ लागली. वाहेदनं भाजीचा घास घेतला आणि तोंड तिकडंच ठेवून हळूच विचारलं, "आता समजलं, आमी तीन साल काऊन बोललो नाही?"

"गप जेव बे," जानराव म्हणाले. त्यांनी आतला पांढरा गोळा हळूच काढला, उपरण्याच्या टोकात बांधला, आणि दुसऱ्या रोडग्यासाठी पानात जागा केली.